शुक्रवारचं डोकं

माझ्या बायकोचं डोकं शुक्रवारी दुखायचं. बाकीचे सहा दिवस ते ठणठणीत असे आणि माझं डोकं खायला मोकळं असे. शुक्रवारी दुपारी मात्र ती सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, जुन्या सुती लुगड्याची पट्टी करकचून बांधायची आणि तशीच मला कॉफी आणून द्यायची. विचारलं तर म्हणायची, "उपासाचं डोकं आहे. रात्री जेवलें की जाईल." रात्री जेवल्यावर ते खरंच उतरायचं. त्यामुळे त्यावर कोणी औषध शोधलं नाही, आणि ते पावसाळ्यातच येतं हेही कोणी टिपलं नाही. आमच्या घरात त्याला शुक्रवारचं डोकं असंच म्हणत.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. पूर्वज तंजावरच्या राजांच्या मागोमाग इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तीही अशी की पुण्याचे पाहुणे आले की एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, हा म्हातारा पोथीतून उठून आलाय. मी लिहितो ती मराठी पोस्टाने येणाऱ्या मासिकांवर वाढलेली आहे, बोलतो ती आजीची. बोलायला आता घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

नोकरी म्हणाल तर मी जन्मभर जळकी घरं बघितली. विमा कंपनीचा सर्व्हेयर होतो. कुठे भाताचं गोदाम पेटलं, कुठे कापडाचं दुकान, कुठे लग्नाचा मांडव, की मी तिथे हजर. राखेत काठी घालून आग कुठून उठली ते शोधायचं आणि मालक खोटं किती बोलतोय ते ताडायचं. या धंद्यात माणूस संशयी होतो आणि आपल्याला सगळं कळतं असंही त्याला वाटू लागतं. मला दोन्ही झालं होतं. धूर नाही तिथे धोका नाही, हे माझं आवडतं वाक्य होतं आणि ते मी लोकांना न विचारता ऐकवत असे.

आता शुक्रवारचं सांगतो. इकडच्या बायका शुक्रवारी तेल लावून नहातात आणि मग साम्ब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर करतात. केसांना, देवाला, पाळण्याला, सगळ्या घराला. आमच्या हिने स्वामीमलैच्या एका ओतकाम करणाऱ्याकडून जाडजूड काशाचं धुपाटणं करवून घेतलं होतं. करवंट्या गॅसवर लाल करायच्या, धुपाटण्यात कोळशांवर टाकायच्या, वरून उदाची पूड, आणि मग सगळ्या खोल्यांतून प्रदक्षिणा. हे सगळीकडेच चालतं. आमच्या घरचा वेगळेपणा पुढेच होता.

तुमच्याकडे पाऊस संपतो तेव्हा आमच्याकडे सुरू होतो. कार्तिकात इथे असा पडतो की आठ-आठ दिवस धोतर वाळत नाही. वाळलं तरी कुबट वास मारतं. म्हणून हिने एक रीत पाडली होती. उदाचा धूर घरभर फिरवून झाला की उरलेल्या निखाऱ्यांचं धुपाटणं ती आतल्या खोलीत ठेवायची. वर दोरीवर ओलसर कपडे, निखाऱ्यांवर उलटी टोपली, आणि दार-खिडकी घट्ट बंद. वास बाहेर जाता कामा नये, तो कपड्यांत मुरला पाहिजे. मुरेपर्यंत ती तिथेच बसून घड्या घाले, नाहीतर जरा आडवी होई. मी बाहेर झोपाळ्यावर. संध्याकाळी माझं धोतर असं सुगंधी होऊन येई की बँकेत रांगेतले लोक मागे वळून बघत.

शेवटच्या काही वर्षांत तिला उकाडा सोसेना, म्हणून त्याच खोलीत एसी बसवला. सुताराने खिडकीच्या फटींना रबर लावलं, दाराच्या खाली पट्टी मारली. मी स्वतः मेणबत्ती धरून तपासलं, ज्योत हलेना. ही खूष झाली. म्हणाली, आता वास कुठं जाईल बघतें!

ती गेली वैशाखात, दवाखान्यात, पोटाच्या आजाराने. धूप, पाऊस, शुक्रवार यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मलाही तो प्रश्न पडला होता.

ती गेल्यावर मी तिच्या रीती एकेक करून सोडल्या. दारातलं कोलम, म्हणजे रांगोळी, सोडलं, कारण मला वाकवत नाही. लोणचं सोडलं. सुपारी कातरणं सोडलं. शुक्रवारचा धूप मात्र सोडवेना. का ते खरं सांगतो. तिच्या कपाटातला वास कमी होत चालला होता. दार उघडलं की आधी ती यायची, आता नुसतं लाकूड यायचं. तेव्हा त्या कार्तिकात मी करवंट्या जाळल्या, हात भाजून घेतला, आणि माझ्या दोन धोतरांबरोबर तिची दोन लुगडी दोरीवर टाकली. कोणी नेसणार नव्हतं. टोपली उलटी घातली, दार-खिडकी लावली, आणि ती बसायची तिथे जाऊन बसलो. म्हटलं, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. हसायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मीच हसलो.

त्या दुपारी माझं डोकं दुखायला लागलं. दोन्ही भुवयांच्या वर, पट्टी बांधतात तिथे. मला उपास नव्हता, मी दोन इडल्या खाल्ल्या होत्या. मी बराच वेळ तसाच बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की हे डोकं माझं नाही. हे तिचं आहे. सहाणेवर सुंठ उगाळली, तिचीच पट्टी शोधून बांधली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दुखलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. बाकीचे दिवस काही नाही.

लोक म्हणतील म्हातारा चळला, म्हणोत. मी आनंदात होतो. घरात दुसरं माणूस नसलं की दिवसाला काही आकार राहत नाही. सकाळी दूधवाला, दुपारी पोस्टमन आला तर आला. मग एकदम शुक्रवार यायचा आणि माझ्या कपाळात कोणीतरी येऊन बसायचं. मी पट्टी बांधून तिच्या जागेवर आडवा होई आणि म्हणे, आलीस काय गे? हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

मुलगी आमची एकुलती एक. इंग्लंडमध्ये असते, आणि राहते कुठे तर होडीत. जावई इंजिनियर, ही शिकवते, आणि दोघं कालव्यातल्या एका अरुंद लांबट नावेत संसार करतात. तिकडे घरांची भाडी परवडत नाहीत म्हणे. माझ्या बायकोला ते कधीच पटलं नाही. म्हणायची, कावेरीच्या काठी जन्मलेल्या पोरीला पाण्यावर राहायची काय हौस! नावेत मध्यभागी लोखंडी शेगडी असते, थंडीत तीत कोळसा जळतो, आणि त्यावरच यांची ऊब. म्हणून तिकडे प्रत्येक नावेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा लागतो.

आईच्या वर्षश्राद्धाला ती आली तेव्हा तसाच एक अलार्म घेऊन आली. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, पुढे छोटा पडदा, त्यावर शून्य. मी म्हटलं, गॅसचा आहे ना, मग स्वयंपाकघरात सिलिंडरपाशी लाव. ती म्हणाली, "नव्हे अप्पा. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, तो जमिनीलगत साचतो, त्याचं यंत्र वेगळं. हा ज्या वायूचा आहे त्याला वास नाहीं, रंग नाहीं. कोळसा, लाकूड, रॉकेल, कांहीही अर्धवट जळालं की होतो. माणूस निजतो तिथं हा पाहिजे." आणि तिने तो आतल्या खोलीत, माझ्या उशीच्या वर हात पोचेल अशा उंचीवर, खिळ्याला अडकवला.

मग तिने मला शेजारच्या होडीतली गोष्ट सांगितली. तिथल्या नवराबायकोने काठावर शेगडी पेटवून मांस भाजलं. पाऊस आला, तशी विझत आलेली शेगडी भिजू नये म्हणून आत घेतली. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती, नुसते राखेखालचे निखारे. दारं लावून झोपले. अलार्म ओरडला म्हणून वाचले. मी ऐकून पोट धरून हसलो. म्हटलं, निखारे घेऊन बंद खोलीत निजायचं, काय अक्कल म्हणावी या लोकांची! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आम्हाला लगेच दिसतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. तिला मी इथे एकटा राहणं नको होतं. कोइंबतूरला म्हाताऱ्यांसाठी बांधलेली एक वसाहत आहे, तिथे तिने चौकशी करून ठेवली होती. स्वच्छ खोल्या, डॉक्टर, घंटा वाजली की जेवायला जायचं. मी म्हटलं, घंटा वाजली की जेवायला मी काय देवळातला हत्ती आहे? ती हसली नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: मी इथे राहीन, पण अलार्म खिळ्यावरून उतरणार नाही. "ज्या दिवशीं तो उतरेल, त्या दिवशीं घराला कुलूप," ती म्हणाली. "मग माझ्याशीं भांडूं नका." मी कबूल झालो. हे घर सोडून मी कुठे जाणार होतो? तिकडे घंटा वाजणाऱ्या ठिकाणी माझं शुक्रवारचं डोकं कसं सापडणार होतं?

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन आला की आधी आमचा एक विधी होई. मी फोनवरून तिला खिळ्यावरचा अलार्म दाखवायचा आणि बटण दाबायचं. तो चारदा टीट-टीट करी. मग ती तिच्या नावेतल्या अलार्मचं बटण दाबे, तोही चारदा. दोन पोपट बोलल्यासारखे ते बोलत, आणि मग आम्हाला बोलायला फारसं उरत नसे. जेवलात काय, होय. पाऊस आहे काय, नाही. तरी मी आठवडाभर त्या चार टीटांची वाट बघत असे.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत, धूप नुसता घरभर फिरे, आणि यंत्र गप्प बसे. डोकंही येत नसे; म्हटलं, उकाडा तिला कधी सोसला? मग पाऊस सुरू झाला. पहिल्या भिजक्या शुक्रवारी मी दोरीवर कपडे टाकले, टोपली घातली, दार लावलं, आणि जरा वेळाने तो डबा असा किंचाळायला लागला की मी पलंगावरून उडालो. दार उघडलं, पंखा लावला, टॉवेलने वारा घातला. थांबला. माझं निदान तयार होतं. गोदामांत धुराचे अलार्म असतात, कोणी विडी ओढली तरी बोंबलतात. हाही तसलाच. धुराला भितो. परदेशी यंत्राला आमचा ऊद काय कळणार?

म्हणून मी मधला मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी अलार्म खिळ्यावरून काढायचा, बाहेरच्या खोलीत पितळेच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा, आणि संध्याकाळी परत अडकवायचा. रविवारी तो जागेवर असेच. शब्द मोडला असं मला वाटलं नाही. पूजेच्या सोवळ्यात जशा काही वस्तू बाहेर ठेवतात, तसं मी त्याला बाहेर ठेवत होतो.

तो शुक्रवार कार्तिकातलाच. दोन दिवस धो धो कोसळत होता, शाळांना सुट्टी दिली होती, रस्त्यात पाणी होतं. कपडे तर कपडे, उशासुद्धा ओलसर झाल्या होत्या. मी नेहमीपेक्षा जास्त करवंट्या टाकल्या, वर कोळसा रचला. घरभर धूर फिरवला, मग धुपाटणं आत ठेवून दार-खिडकी लावली. थोड्या वेळात धूर निवला. लाल निखारे टोपलीच्या विणीतून दिसत होते. तिचं जांभळं लुगडं माझ्या डोक्यावर लोंबत होतं. सुगंध मुरत होता.

डोकं आलं, पण त्या दिवशी ते फार जोरात आलं. पट्टी बांधली. मळमळलं. म्हटलं, आज रागावून आली आहेस वाटतं. कोरोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र उशाशी होतं, ते लावून बघितलं, तर अठ्ठ्याण्णव. एवढा ऑक्सिजन तरुणांनासुद्धा नसतो. समाधान झालं आणि मी डोळे मिटले. फार गोड झोप येत होती.

फोन वाजला. रविवार नव्हता, तरी मुलीचा. आमच्या भागात पुराचा इशारा दिल्याचं तिने तिकडे वाचलं होतं. "कसे आहांत अप्पा? पाणी घरांत आलं काय?" मी काहीतरी उत्तर दिलं. ती म्हणाली, तुमचा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, झोपलो होतो.

"अलार्म दाखवा मला," ती म्हणाली.

"आज रविवार आहे काय?"

"दाखवा."

खिळा माझ्या डोक्यावर रिकामा होता. मी म्हटलं, थांब, दिवा लावतो. फोन पलंगावर पालथा घातला आणि उठलो. उठलो म्हणजे काय, भिंत धरून उभा राहिलो. पाय भिजलेल्या पोह्यांसारखे झाले होते. मला वाटलं, झोपेतून उठल्यामुळे. बाहेरच्या खोलीपर्यंत कसा गेलो ते आठवत नाही, पण पितळेचा डबा उघडायला मला फार वेळ लागला एवढं आठवतं. मुलीला खोटं कळायच्या आत तो खिळ्यावर गेला पाहिजे, एवढा एकच विचार डोक्यात होता. टॉवेल सोडला, अलार्म छातीशी धरला आणि आत येऊन दार पुन्हा लावून घेतलं. सुगंध बाहेर जाता कामा नये, ही सवय हाताला इतकी होती.

खिळा सापडेना. दोनदा भिंतीवरच अडकवत होतो. आणि माझ्या हातातच तो किंचाळायला लागला.

मी फोन उलटा केला. मुलीचा चेहरा अगदी जवळ आला होता. "तुम्ही बटण दाबलांत काय?"

"नाही."

"पडद्यावर काय दिसतंय?"

मी बघितलं. शून्य नव्हतं. तीन आकडे होते आणि ते माझ्यासमोर वाढत होते. मी तिला सांगितलं, धूप केलाय, हा धुराला भितो. ती म्हणाली, "अप्पा, मला धूर दिसत नाहीं. कुठं आहे धूर?"

मी खोलीभर बघितलं. खरंच, धूर कुठेच नव्हता. खोली स्वच्छ होती, इतकी की लुगड्याच्या काठावरचे मोर मोजता आले असते.

"बाहेर व्हा! आतां, आतांच्या आतां!" ती ओरडली. मी म्हटलं, आधी हे बंद करतो, कान फुटताहेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. ती रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, तोंड उघडून. ते बघून मी निघालो. दार उघडलं आणि उंबऱ्यावर आपटलो. तिथून रांगत मधल्या चौकात गेलो. आमच्या चौकाला वर छप्पर नाही, पाऊस सरळ अंगावर येत होता. मी भिंतीला टेकून तोंड वर करून बसलो. फोन आतच राहिला होता. त्या रिकाम्या खोलीतून दोन आवाज येत होते, एक त्या डब्याचा, आणि एक माझ्या मुलीचा, अप्पा, अप्पा, अप्पा. मला ओ द्यायची होती. आवाज निघत नव्हता.

समोरच्या घरची बाई धावत आली. मुलीने जावयाच्या फोनवरून तिला कळवलं होतं. तिच्याकडे आमची किल्ली असते. "मामा, काय हे मामा!" असं तमिळमध्ये म्हणत तिने आणि तिच्या नवऱ्याने मला रिक्षात घातलं. दवाखान्यात तोंडाला मास्क लावला आणि ऑक्सिजन सोडला. मनगटातून रक्त घेतलं. मी डॉक्टरणीला अठ्ठ्याण्णवचं सांगितलं, जरा ऐटीतच. ती म्हणाली, त्या यंत्राला यातलं काही कळत नाही, ऑक्सिजनच्या जागी रक्तात हा वायू बसला तरी ते छान आहे असंच सांगतं. मुलीच्या वयाचीच होती. मग तिने विचारलं, "याआधी असं डोकं दुखलं होतं?"

"दर शुक्रवारी," मी म्हणालो.

"घरात आणखी कोणाचं दुखतं?"

मी मास्कच्या आतून म्हटलं, घरात कोणी नाही. ती लिहून पुढे जायला लागली. तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी दुखायचं. माझ्या बायकोचं. एसी बसवल्यापासून जास्त.

ती माझ्या हातावर थोपटून गेली.

रात्रभर ठेवून मला सोडलं. घरी आलो तो धुपाटण्यातली राख गार पडली होती. मी दारात उभा राहून त्या खोलीची पाहणी केली, जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्यांची केली तशी. खिडकीचं रबर, दाराची पट्टी, टोपली. मग आठवलं की त्या पहिल्या शुक्रवारी यंत्र ओरडलं होतं ते धूर असताना नव्हे, धूर निवल्यावर. नवशिका सर्व्हेयरसुद्धा एवढं टिपतो. आणि त्या खोलीत ही तासन् तास बसायची, कपाळाला सुंठ लावून माझ्या धोतराच्या घड्या घालायची, आणि मग उठून मला कॉफी द्यायची. मी तिथेच खाली बसलो आणि खूप रडलो.

कुलपाची वाट बघत होतो. रविवारी फोन आला. मी खिळ्यावरचा अलार्म दाखवला, बटण दाबलं, चार टीट झाले. तिने तिकडचं बटण दाबलं नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "आईचं शुक्रवारचं डोकं."

"होय," मी म्हणालो.

मागे तिच्या नावेच्या लाकडाचा करकर आवाज येत होता. मग मी तिला सगळं सांगितलं. पितळेचा डबा, टॉवेल, आईची लुगडी, आणि डोकं दुखलं की मला कोण आल्यासारखं वाटायचं तेही. शेवटचं सांगताना लाज वाटली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"कोइंबतूरला कधी जायचं तेवढं सांग," मी म्हणालो.

"मी नाहीं सांगणार. तुम्हीच सांगा. बंद खोलींतला तो धूप पाहिजे, की घर पाहिजे? दोन्ही नाहीं मिळायचं."

मी दोरीवरच्या जांभळ्या लुगड्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, यात विचार करण्यासारखं काय आहे. "घर," मी म्हणालो. तेव्हा तिने तिकडचं बटण दाबलं.

पुढच्या शुक्रवारी पावसाने उघडीप दिली होती. सुताराला बोलावून खिडकीचं रबर आणि दाराची पट्टी काढून घेतली. धुपाटणं चौकात ठेवलं, ऊद टाकला. धूर सरळ वर गेला, घराकडे वळलासुद्धा नाही. लुगडी मी पडवीच्या दोरीवर टाकली होती, त्यांना थोडा वास लागला असेल नसेल. निखाऱ्यांवर तिथेच तांब्याभर पाणी ओतलं. मग आतल्या खोलीत जाऊन खिडकी उघडी ठेवून पलंगावर पडलो. वर यंत्राच्या पडद्यावर शून्य होतं. सुंठ मी सकाळीच उगाळून ठेवली होती, सवयीने. पट्टीही उशाशी होती.

मी वाट बघत पडलो. ऊन भिंतीवरून खाली आलं, शेजारी दिवेलागण झाली. सहाणेवर सुंठ वाळून पांढरी पडली. मुलीचा फोन आला, आता ती शुक्रवारीही करते.

"अप्पा, डोकं कसं आहे?"

"नाही दुखत."

"बरं जाहलं," ती म्हणाली.

"होय गे, बरं जाहलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पट्टीची घडी करून बायकोच्या कपाटात ठेवली. ती गेल्यापासून पावसाळ्यातल्या शुक्रवारी ती पहिल्यांदा घरात नव्हती.